मारय्या-लक्कम्मांचे तांदूळ आणि आजचा फराळ

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥



बाराव्या शतकात कल्याणनगरीत जे शरणगण एकत्र आले, त्यांत राजे होते, पंडित होते, तसेच मोळी विकणारे, दोर वळणारे, नाव वल्हवणारेही होते. या मांदियाळीत आयदक्की मारय्या आणि त्यांची धर्मपत्नी लक्कम्मा या दांपत्याचे स्थान फार वेगळे आहे. रायचूर प्रांतातील अमरेश्वर हे त्यांचे गाव. तेथून ते कल्याणला आले. शरणांच्या अंगणात सांडलेले तांदळाचे दाणे वेचून आणणे हे मारय्यांचे कायक. त्या तांदळाचा पाक करून जंगमदासोह करणे हे लक्कम्मांचे कायक. 'आयदक्की' या कन्नड शब्दाचा अर्थच वेचलेला तांदूळ असा आहे. दोघांची वचने आज उपलब्ध आहेत आणि दोघांच्याही वचनांत अमरेश्वरलिंगाची मुद्रा आहे. लक्कम्मांच्या मुद्रेत तर पतीचे नावही गुंफलेले आहे.

या दांपत्याची एक कथा आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेली असेल. एके दिवशी मारय्या रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ घेऊन घरी आले. परंपरा सांगते की बसवण्णांनीच परीक्षा पाहण्यासाठी जास्त दाणे सांडून ठेवले होते. लक्कम्मांनी ती ओटी पाहिली आणि पतीला विचारले, की एवढा तांदूळ कोणासाठी? शरणाला असा हव्यास शोभतो काय? जेवढे नित्याला लागते तेवढे ठेवून उरलेले जेथून आणले तेथेच टाकून या. मारय्या रागावले नाहीत. 'तू मला शिकवणारी कोण' असे म्हणाले नाहीत. ते परत गेले आणि जास्तीचे तांदूळ टाकून आले.

ही कथा आपण दरवर्षी सांगतो आणि अलोभाची कथा म्हणून सोडून देतो. पण तिच्यात तीन पदर आहेत. पहिला पदर असा, की अन्नाशी संबंधित साधे काम हेही पूर्ण कायक आहे. दुसरा, की कायकाला मर्यादा आहे आणि ती मर्यादा बाजार ठरवत नाही. तिसरा पदर आपण सर्वांत कमी सांगतो. तो असा, की पती-पत्नी मिळून एक कायक करीत असतील तर चुकणाऱ्याला थांबवण्याचा अधिकार दोघांनाही सारखाच आहे. आजच्या प्रवचनात या तिन्ही पदरांचा विचार करावयाचा आहे. त्याला निमित्त एका तरुण दांपत्याचे झाले.

हे दांपत्य निपाणीकडचे. मुलाच्या वडिलांचा बसस्थानकाजवळ तीस वर्षे भजी, शेव आणि भडंगाचा गाडा होता. त्या गाड्यावर तीन मुलींची लग्ने झाली, घर उभे राहिले. पुढे वडिलांना मधुमेह जडला. पायाची जखम चिघळली आणि एक पाय गुडघ्याखाली काढावा लागला. मुलगा आणि सून यांनी विचार केला की आता कढई बंद करावी आणि ज्वारी, नाचणी, राळे यांचा भाजलेला फराळ करून विकावा. सून शिकलेली आहे, तिने प्रशिक्षणही घेतले. भाजलेल्या ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा, नाचणीची भाजकी शंकरपाळी, कडक भाकरी आणि शेंगादाण्याची चटणी एवढ्यावर त्यांनी सुरुवात केली. घरातील दागिना गहाण पडला, बँकेचे कर्ज झाले. ते आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्यापुढे दोन प्रश्न होते. एक वडिलांचा, एक व्यापाऱ्याचा. ते दोन्ही पुढे येतीलच.

प्रथम हे पाहू की फराळ विकणे हे कायक होय काय? काही जण हसतील. चिवडा आणि चकलीत कसला परमार्थ? पण कल्याणच्या शरणींत कोट्टणद सोमम्मा आहेत, ज्यांचे कायक धान्य कांडण्याचे होते. वैद्य संगण्णा आहेत, ज्यांनी रोग्याची सेवा हेच शिवकार्य मानले. मदुराईच्या शैव परंपरेत पिट्टू विकणाऱ्या वंदी नावाच्या वृद्धेची कथा आहे. नदीच्या बांधासाठी प्रत्येक घराने माणूस द्यावा अशी राजाज्ञा झाली. म्हातारीला कोणी नव्हते. तेव्हा साक्षात शिव मजूर होऊन आला आणि पिट्टूच्या मोबदल्यात माती वाहू लागला. पिट्टू म्हणजे वाफवलेला साधा पदार्थ. भगवंताने मजुरी म्हणून सोने मागितले नाही, वाफवलेले पीठ मागितले. मग जो पदार्थ शिवाने मागून खाल्ला तो करणाऱ्याचे काम हलके कसे म्हणावे?

आपल्या धर्मात याला आणखी एक कारण आहे. आपण इष्टलिंग अंगावर धारण करतो. अंग हेच लिंगाचे स्थान. बसवण्णांनी देहालाच देवालय मानावयास शिकविले. देवळाच्या गाभाऱ्यात कोणी कचरा टाकील तर आपण त्याला सोडणार नाही. पण या चालत्या देवळात दररोज काय जाते याची चौकशी आपण करतो काय? अन्न लिंगाला अर्पण करून प्रसाद म्हणून घ्यावे हा नियम. ज्या तेलात सकाळपासून चार वेळा तळण झाले आहे त्या तेलातली पुरी आपण तळहातावरील लिंगाला दाखवू शकतो काय? हा प्रश्न स्वतःला विचारला की अर्धे उत्तर मिळते.

उरलेले अर्धे उत्तर वैद्यकशास्त्र देते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सुमारे १० कोटी १० लाख भारतीयांना मधुमेह असल्याचा आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज निघाला. जागतिक आरोग्य संघटना सांगते की प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. आपण भाजी-आमटीतच तेवढे खातो, वर शेव-चिवडा वेगळा. तेल पुनःपुन्हा तापवले की त्यात घातक द्रव्ये तयार होतात. म्हणून १ जुलै २०१८ पासून आपल्या देशात नियम आहे की अशा द्रव्यांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलेले तेल तळणाला वापरू नये. वनस्पती तुपातील ट्रान्स फॅटवरही जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे. नियम आहेत. पण गाड्यावरच्या कढईपाशी कोण उभे राहणार? तेथे विकणाऱ्याचा सदाचार हाच खरा निरीक्षक.

या तरुण जोडप्याने निवडलेले पदार्थ नवीन आहेत असेही नव्हे. नागपंचमीला आपल्या घरोघरी ज्वारीच्या लाह्या आणि तंबिटाचे लाडू होत आले. सोलापूरपासून विजापूर-बेळगावपर्यंत कडक भाकरी प्रवासाला बांधून दिली जाई, ती कित्येक दिवस टिकते. त्यात तेलाचा थेंब नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली जी अन्नघटकांची कोष्टके प्रसिद्ध केली त्यांत १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम दाखवले आहे. सडलेल्या पांढऱ्या तांदळात ते ८ मिलिग्रॅमच्याही आत आहे. ज्वारीत तंतुमय भाग १०० ग्रॅमला सुमारे १० ग्रॅम, मैद्यात ३ ग्रॅमच्याही आत. २०२३ हे वर्ष भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, तेव्हा शहरातील लोकांना या धान्यांची आठवण झाली. आपल्या आज्ज्यांना ती विसरावीच लागली नव्हती.

मात्र येथे सावध राहिले पाहिजे. चांगल्या गोष्टीचा डांगोरा पिटताना माणूस नकळत खोटे बोलू लागतो. नाचणी चांगली, पण तीही पिष्टमय धान्यच आहे. मधुमेह्याने तीही मोजूनच खावी. गूळ साखरेपेक्षा चवीला आणि रंगाला वेगळा, पण रक्तात गेल्यावर तोही साखरेसारखाच वागतो. भाजलेला पदार्थ तळलेल्यापेक्षा बरा, पण मीठ भरमसाट घातले तर त्याचा उपयोग काय? आणि बाजरीचे पीठ दळून ठेवले की थोड्याच दिवसांत कडवट होते, कारण त्यातील स्निग्धांश लवकर खवट होतो. म्हणून धान्य दळण्यापूर्वी वाफ देणे किंवा भाजणे आणि थोडे थोडे ताजे दळणे हाच उपाय. हे सर्व त्या सुनेने आम्हांला समजावून सांगितले. तिने एक गोष्ट आणखी सांगितली. 'स्वामीजी, लोक म्हणतात पाकिटावर मधुमेहावर उपाय असे लिहा, दुप्पट खपेल. मी म्हणते, मामांचा पाय गेला तो मी पाहिला. त्या रोगाच्या नावावर मी खोटे कसे लिहू?'

सद्भक्तहो, या वाक्यापाशी आम्हांला लक्कम्मांची आठवण झाली.

आता व्यापाऱ्याचा प्रश्न. एका मोठ्या शहरातील व्यापाऱ्याने त्यांच्याकडे दरमहा मोठी मागणी नोंदवण्याची तयारी दाखवली आणि आगाऊ रक्कमही दिली. मग अट घातली. शंकरपाळीत नाचणी शंभर भागांत दहाच भाग घाला, बाकी मैदा घाला, रंगासाठी थोडा काळपट गूळ घाला, पण पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'नाचणी' एवढेच दिसू द्या. कायद्याने पाकिटावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. तेथे मैदा पहिला येईल, पण ती अक्षरे मुंगीएवढी. ती वाचतो कोण? व्यापारी म्हणाला, सगळेच असे करतात.

मुलगा डळमळला. त्याला दोष देण्याचे कारण नाही. हप्ता दर महिन्याला येतो, व्याज वाट पाहत नाही. तो पत्नीला म्हणाला, की एक वर्षभर करू, कर्ज फिटले की सोडून देऊ. ती म्हणाली, 'अहो, वर्षभर खोट्याची सवय लागल्यावर सोडणार कोण?' दोघांत आठ दिवस अबोला होता. मग ते मठात आले.

आम्ही त्यांना निर्णय सांगितला नाही. मारय्यांची कथा सांगितली आणि सत्यक्कांची आठवण करून दिली. सत्यक्का या शरणींचे कायक अंगण झाडण्याचे होते. झाडताना वाटेत पडलेले सोने किंवा वस्त्र दिसले तरी त्याला हात लावणार नाही, लाच आणि वंचना यांना स्पर्श करणार नाही, अशी शपथच त्यांनी आपल्या वचनात घेतली आहे. विचार करा. सोने चोरायचे नाही असे त्या म्हणत नाहीत. पडलेले सोने उचलायचेही नाही असे म्हणतात. कारण जे आपल्या कायकाचे नाही ते आपले नाही. मग ज्या आईने नाचणी म्हणून मुलाच्या डब्यात मैदा भरला, तिचा पैसा आपल्या कायकाचा होईल काय? पाकिटावरचे अक्षर ही विकणाऱ्याची शपथ आहे. खाणारा दूर असतो. त्याला ना तुमचे घर दिसते ना तुमची कढई. त्याच्यापुढे फक्त ती अक्षरे असतात. परक्याने आंधळेपणाने टाकलेला विश्वास पाळणे याहून मोठा सदाचार कोणता? पंचाचारांत सदाचार सांगितला आहे तो याचसाठी.

त्या मुलाने दुसऱ्या दिवशी आगाऊ रक्कम परत केली. मारय्यांनी तांदूळ परत केले, याने नोटा परत केल्या. त्यानंतर त्यांची भरभराट झाली, असे सांगून प्रवचन गोड करण्याची आमची इच्छा नाही. आज त्यांचे काम लहानच आहे. दागिना अद्याप सुटलेला नाही. हप्ता मात्र चुकलेला नाही आणि अबोलाही राहिलेला नाही. लक्कम्मांनी तांदूळ परत पाठवले तेव्हा त्यांच्याही घरात धान्याची रास नव्हती. कायकाचे फळ कायकातच असते, त्याची पावती दुसऱ्या दिवशी मिळत नाही.

आता पती-पत्नीविषयी दोन शब्द. दोघे मिळून धंदा करतात असे आपण म्हणतो, पण घरात डोकावून पाहिले तर काय दिसते? पहाटे चारला उठून धान्य भाजणारी ती, स्वयंपाक करणारी ती, मुलांची शाळा पाहणारी ती, आणि बँकेचे खाते व परवाना मात्र त्याच्या नावावर. हे मारय्या-लक्कम्मांचे कायक नव्हे. अन्नसुरक्षेच्या २००६ च्या कायद्यानुसार घरगुती फराळ विकणाऱ्यालाही नोंदणी करावी लागते. त्या नोंदणीत, खात्यात आणि हिशेबाच्या वहीत दोघांची नावे असावीत. शक्यतो तिचे आधी असावे. विणकर दासिमय्या आणि दुग्गळे यांचा संसार एका मागावर चालला. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास घेतले, त्यातून लिज्जतची संस्था उभी राहिली. तेथे पापड लाटणारी प्रत्येक भगिनी मोलकरीण नव्हे, मालकीण मानली गेली. हे परक्या पंथाचे उदाहरण म्हणून सोडू नका. कल्याणच्या शरणींना जे स्थान बसवण्णांनी दिले तेच तेथे वेगळ्या नावाने दिसते. ज्या घरात पत्नीच्या हाताला मान आहे पण शब्दाला नाही, त्या घरात तांदूळ परत करा म्हणणारे कोणी उरत नाही. मग चुकीला थांबवणार कोण?

राहिला वडिलांचा प्रश्न. गाडा बंद झाला तेव्हा वृद्धाने अन्न सोडले होते. त्यांचे म्हणणे असे, की माझ्या कढईवर तुम्ही मोठे झालात आणि आता म्हणता ती कढई विष होती. हा घाव मोठा आहे. सद्भक्तहो, नवे चांगले काम सुरू करताना जुन्याचा अपमान करण्याची गरज नसते. त्या वृद्धाने तीस वर्षे माप पूर्ण दिले, शिळे विकले नाही, भुकेल्या हमालाला पैसे नसले तरी पुडी दिली. हाच त्यांचा दासोह. वारसा कढईचा नसतो, मापाचा असतो. आम्ही मुलाला सांगितले, की बाळा, अप्पांना सांग, कढई उतरली पण तराजू तुमचाच आहे. आज ते एका पायावर स्टुलावर बसून प्रत्येक घाण्याची चव पाहतात. त्यांनी मान हलवल्याशिवाय पाकीट बंद होत नाही. तिखट कमी पडले तर सुनेला सुनावतातही. ती हसते.

शेवटी आपणा सर्वांसाठी. एखादे दांपत्य प्रामाणिकपणे असे काम करू लागले की आपण त्यांना तोंड भरून आशीर्वाद देतो आणि उधारीवर माल मागतो. 'आपलाच माणूस' म्हणून भाव पाडतो. लग्नात, गृहप्रवेशात दोन हजार पाकिटे मागवतो आणि पैसे सहा महिन्यांनी देतो. मोठ्या दुकानात मात्र निमूटपणे छापील किंमत देतो. हा कोणता न्याय? चांगल्या धान्याला दाम जास्त पडतो. भाजायला वेळ जास्त लागतो. मदतीला येणाऱ्या चार बायकांची मजुरी वेळेवर द्यावी लागते. आपण त्यांची उधारी थकवली तर त्या चौघींची चूल थंड राहते. म्हणून रोख द्या आणि पूर्ण द्या. त्यात दयेचा प्रश्न नाही, आपल्या सदाचाराचा आहे.

दुसरे असे, की गावोगावच्या भक्तमंडळांनी बसवजयंतीला, श्रावणातल्या प्रवचनांना आणि जत्रेत अल्पोपाहार म्हणून जे वाटायचे त्याचा एकदा विचार करावा. प्रसाद म्हणून वाटलेल्या वस्तूने भक्ताचा रोग वाढू नये. लाह्या, भाजलेले चणे, शेंगा, फळे, कडक भाकरी आणि चटणी यांत काय कमी आहे? आपल्या गावातील एखादी माउली, एखादे जोडपे ते करून देईल. त्यांचे कायक चालेल, तुमचा दासोह होईल. एका धाग्याचीच ही दोन टोके आहेत.

ज्यांच्या घरी दोन हात भाजतात आणि दोन हात बांधतात, त्यांनी रोज सकाळी लिंगपूजेनंतर पहिला घास तळहातावर घेऊन एवढेच पाहावे, की हा लिंगाला अर्पण करण्याजोगा आहे काय? असेल तर निर्भयपणे विकावा. नसेल तर लक्कम्मांचे ऐकावे आणि ओटी रिकामी करून यावे.

अमरेश्वरलिंग आपणा सर्वांना पुरेसे देवो, आणि पुरेसे म्हणजे किती हे ओळखण्याची बुद्धीही देवो.

शुभं भूयात्. शरणु शरणार्थी.